आधी मतदारयादी, मग ताबा

पुणे, जून २०२५

मा. डेव्हिड लॅमी, परराष्ट्रमंत्री, लंडन
आणि
मा. नवीनचंद्र रामगुलाम, पंतप्रधान, पोर्ट लुई



२२ मे रोजी चागोस द्वीपसमूहाच्या करारावर तुमच्या दोन्ही देशांनी सह्या केल्या. बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसकडे जाणार, दिएगो गार्सियाचा लष्करी तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडे राहणार आणि त्यापोटी ब्रिटन वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मोजणार. तळापासून २४ सागरी मैलांच्या आत कोणी काही बांधायचं तर ब्रिटनची संमती लागेल, इतक्या बारकाव्याने हा कागद लिहिलेला आहे. तिथून हाकललेल्या माणसांच्या वाट्याला मात्र मोजक्या गोष्टी येतात. प्रस्तावनेत झाल्या अन्यायाची दखल आहे, ४ कोटी पौंडांचा एक निधी आहे आणि दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर पुनर्वसन करायला मॉरिशसला मोकळीक आहे. मोकळीक आहे, बंधन नाही. परत गेलेल्या माणसांचा कारभार कोण पाहणार, त्यांचा प्रतिनिधी कुठे बसणार, उद्या त्यांना पुन्हा उठवायचं ठरलं तर कोणत्या कायद्याने अडवता येईल, याबद्दल त्यात काही नाही.

करार अजून अमलात आलेला नाही. सही आणि ताबा यांच्यामध्ये थोडे दिवस शिल्लक आहेत. हे पत्र त्या दिवसांसाठी लिहितो आहे.

माझं गाव इंदापूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा मी शाळकरी होतो. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ अजून वर येतं आणि आमच्याकडची म्हातारी माणसं त्या गाळातून चालत जाऊन आपलं घर कुठे होतं ते नातवंडांना बोटाने दाखवतात. उठवलेल्या माणसाला भरपाई आणि हक्क यांतला फरक शिकवावा लागत नाही. भरपाईचे पैसे दोन वर्षांत संपले. पण नव्या गावठाणात काही काळाने ग्रामपंचायत आली, आणि त्या दिवसापासून आमच्या बाजूने भांडणारं कोणीतरी कागदावर अस्तित्वात आलं. रस्ता, विहीर, स्मशानभूमी, शाळेची खोली, जे थोडंफार मिळालं ते त्या पंचायतीने भांडून मिळवलं. पुनर्वसनात द्यायच्या अठरा नागरी सुविधांची यादी अजून पुरी झालेली नाही. ती पुरी करा म्हणून ठराव करायला मात्र आमच्याकडे जागा आहे.

पुढे नोकरीनिमित्त काही वर्षं मॉरिशसमध्ये काढली. मुंबई बंदरातून मळ्यांवर गेलेल्या रत्नागिरीकडच्या गिरमिटियांची पणतवंडं मला तिथे भेटली. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि ओढ्याकाठी आरत्या ऐकू येतात. या देशावर माझा जीव आहे, हे रामगुलामसाहेब, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. २००६ च्या वसंतात चागोसच्या सुमारे शंभर लोकांना आपल्या पूर्वजांची थडगी पाहायला जायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यांचं जहाज सुटताना मीही पोर्ट लुईच्या धक्क्यावर गर्दीत उभा होतो. थडगी साफ करायची आणि परत यायचं, एवढीच ती परवानगी. हातात झाडू आणि फुलं घेऊन जहाजावर चढणाऱ्या त्या बायकांकडे पाहताना मला आमचं देऊळ आठवलं. आमचं गाव पाण्याखाली होतं. यांची बेटं कोरडी होती, नारळ उभे होते, फक्त माणसांना बंदी होती.

ही बंदी कशी आली, ते तुम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी सांगतो, कारण त्याचा राज्यघटनेशी थेट संबंध आहे.

सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसची घटनापरिषद भरली होती. स्वातंत्र्य द्यायचं का, निवडणूक कशी घ्यायची, अल्पसंख्याकांना जागा कशा राखायच्या, हे ठरवायला ती बोलावली होती. त्याच दिवसांत, परिषदेच्या दालनाबाहेर, चागोस तोडून घेण्याची बोलणी चालू होती. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी तेव्हाचे प्रीमियर सर शिवसागर रामगुलाम यांना भेटीला बोलावलं. त्या भेटीआधी विल्सन यांच्या हाती दिलेलं टिपण आज सगळ्यांना वाचायला खुलं आहे. पाहुण्याला स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि बेटांबाबत ऐकलं नाही तर ते हुकेल अशी भीतीही घालायची, असा त्याचा आशय आहे. ८ नोव्हेंबरला बेटं मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत काढली गेली. बदल्यात ३० लाख पौंड. रामगुलामसाहेब, तुमच्या वडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. एका हाताने स्वातंत्र्य देणारा दुसऱ्या हाताने जमीन मागत होता आणि त्यांच्यामागे साऱ्या बेटावरची, स्वातंत्र्याची वाट पाहणारी माणसं होती. पण त्या बोलण्यांत चागोसमधल्या पेरोस बान्होसचा, सालोमनचा, दिएगो गार्सियाचा एकही माणूस नव्हता.

त्यानंतरचं सारं कायद्याच्या भाषेत झालं, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. गुलाम म्हणून मादागास्कर-मोझांबिकहून आणलेल्यांचे आणि मागून भारतातून आलेल्या मजुरांचे वंशज तिथे पाच-सहा पिढ्या नारळ फोडत, खोबरं वाळवत राहत होते. त्यांना कागदावर कायमचे रहिवासी म्हणायचंच नाही, कंत्राटी मजूर म्हणायचं, असं लंडनमध्ये ठरलं. कायमचे रहिवासी म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना जाब द्यावा लागला असता, लोकांना मत विचारावं लागलं असतं. १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसं हलवली. आधी, औषधाला किंवा नातेवाइकांना भेटायला मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं. मग धान्य तोडलं. मग त्यांची कुत्री मारली. शेवटी माणसं जहाजात घातली.

नोव्हेंबर २००० मध्ये चागोसचे ऑलिव्हिए बाँकूल्ट यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात खटला जिंकला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी निकाल मान्य केला. लॅमीसाहेब, तुमच्या खुर्चीच्या इतिहासातला तो एक चांगला दिवस होता. तो साडेतीन वर्षं टिकला. जून २००४ मध्ये संसदेत कोणतीही चर्चा न करता राजाज्ञेने त्या प्रदेशाला नवी घटना दिली गेली. तिचं नववं कलम सांगतं की या प्रदेशात राहण्याचा हक्क कोणालाही नाही. जगात घटना लिहितात त्या माणसांना काही द्यायला किंवा राज्यकर्त्यांना आवरायला. इथे न्यायालयाने दिलेला गावी परतण्याचा हक्क काढून घ्यायला घटना लिहिली. २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ती वैध ठरवली.

म्हणजे चागोससाठी तुमच्या कार्यालयाने कधी घटनात्मक विचार केलाच नाही, असं म्हणता येत नाही. दोनदा केला आणि दोन्ही वेळा लोकांना बाहेर ठेवून केला. आता तिसरी वेळ आहे.

ब्रिटनने ९९ वर्षांचा पट्टा पूर्वीही एकदा लिहिला होता, १८९८ साली, हाँगकाँगच्या नव्या प्रदेशाचा. त्या वेळीही पट्टा घेणारा ब्रिटनच होता, आताही तोच आहे. तो पट्टा संपत आला तेव्हा काय घडलं, याच्या फायली लॅमीसाहेब, तुमच्याच इमारतीतून गेलेल्या आहेत. जपानी कैदेतून सुटून परतलेले गव्हर्नर मार्क यंग यांनी १९४६ सालीच हाँगकाँगला निवडून आलेली नगरसभा द्यावी असा आराखडा मांडला होता. तेव्हा घाई कोणालाच नव्हती. पुढच्या गव्हर्नरला तो नको होता, व्यापाऱ्यांना नको होता, आणि १९५२ मध्ये तो गुंडाळून ठेवला. त्यानंतर तीस वर्षं तिथल्या विधिमंडळात एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. १९८२ ते ८४ हस्तांतराची बोलणी झाली, त्यांत हाँगकाँगच्या लोकांना खुर्ची नव्हती. हाँगकाँगला तिसरा पक्ष मानणारं ‘तीन पायांचं स्टूल’ चीनला मान्य नव्हतं आणि ब्रिटनने ते मान्य करून घेतलं नाही.

१९८७ ची एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. पुढच्या वर्षी थेट निवडणूक घ्यायची का, असं सरकारने लोकांना विचारलं आणि उत्तरं मोजायला खास कार्यालय उघडलं. सह्यांच्या मोहिमा झाल्या. दोन लाखांहून अधिक लोकांनी नावानिशी सह्या केल्या, त्यांतल्या बहुतेकांना निवडणूक हवी होती. मोजणीत त्या सह्या निवेदनांमध्ये धरल्याच नाहीत. उलट बाजूने आलेले छापील नमुन्यातले अर्ज मात्र एकेक करून मोजले. निष्कर्ष निघाला की लोकमत दुभंगलेलं आहे, आणि थेट निवडणूक १९९१ वर गेली. ६० पैकी १८ जागा. मग १९९२ मध्ये ख्रिस पॅटन आले आणि उरलेल्या पाच वर्षांत चार दशकांचं काम करायला धावले. मतदानाचं वय १८ केलं, नेमणुकीच्या जागा काढल्या, व्यवसायगटांच्या मतदारसंघांत लाखो नोकरदारांना मत दिलं. १९९५ मध्ये पहिल्यांदा सगळेच्या सगळे ६० सदस्य निवडून आले. त्यावर चीनने शेन्झेनमध्ये दुसरं, नेमलेलं विधिमंडळ बसवलं. १ जुलै १९९७ च्या मध्यरात्री निवडलेलं गेलं आणि नेमलेलं आलं. त्या रात्री विधिमंडळाच्या सज्जात उभं राहून भाषणं करणारे सदस्य सकाळी कोणाचेच प्रतिनिधी नव्हते.

पॅटन यांचा हेतू मी प्रामाणिक मानतो. पण १९४६ साली रुजलेलं झाड १९९७ पर्यंत पन्नास वर्षांचं झालं असतं. ते उपटायला नव्या मालकालाही विचार करावा लागला असता. दोन वर्षांच्या रोपाला कोणी हात जोडत नाही.

चागोसकडे पन्नास वर्षं नाहीत, महिने आहेत. पण दोन गोष्टी इथे अनुकूल आहेत. एक म्हणजे नवा सार्वभौम हा लोकशाही देश आहे, १९६८ पासून जिथे मतपेटीने सरकारं बदलत आली आहेत. दुसरी म्हणजे नमुना घरात तयार आहे. रामगुलामसाहेब, तुमच्या घटनेत २००१ साली रॉड्रिग्ज बेटासाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं आणि २००२ पासून तिथे प्रादेशिक विधानसभा बसते. त्या बेटाने स्वातंत्र्याच्या वेळी तुमच्या वडिलांच्या आघाडीला मत दिलं नव्हतं. तरी मॉरिशसचे तुकडे झाले नाहीत. मग चागोससाठी तसंच प्रकरण ताब्याआधी का घालू नये? त्यात लिहा की चागोसमध्ये जन्मलेल्याला आणि त्याच्या वंशजाला तिथे राहण्याचा हक्क आहे, मग त्याचा पासपोर्ट मॉरिशसचा असो, सेशेल्सचा असो की ब्रिटनचा. लिहा की त्यांची निवडलेली सभा असेल, निधीचा कारभार ती पाहील, आणि तिच्या संमतीशिवाय हे प्रकरण बदलता येणार नाही. गेल्या नोव्हेंबरच्या निवडणुकीत तुमच्या आघाडीने ६२ पैकी ६० जागा जिंकल्या. घटनादुरुस्तीला लागणारी मतं नाहीत, ही अडचण तुम्हाला सांगता येणार नाही.

आणि लॅमीसाहेब, ते नववं कलम तुम्ही स्वतः काढा. ताबा देताना ते आपोआप मरेल, हे मला समजतं. पण ज्या हाताने लिहिलं त्याच हाताने खोडलं, तर बेटवासीयांना ब्रिटनकडून शेवटची गोष्ट हक्क म्हणून मिळेल. युनियन जॅक उतरण्याआधी एक दिवस जरी त्यांना आपल्या बेटावर कायद्याने राहता आलं, तर मॉरिशसला ते वहिवाटदार म्हणून मिळतील, विस्थापित म्हणून नव्हे. आमच्याकडे सातबाऱ्यावर आधी नाव लागलेलं असणं म्हणजे काय, ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

माझं मुख्य मागणं मात्र याच्याही आधीचं आहे. त्यांना विचारा.

मॉरिशसचा दावा न्याय्य आहे असं मी मानतो. २५ फेब्रुवारी २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ११६ विरुद्ध ६ मतं पडली, त्या ११६ मध्ये माझा देश होता आणि मला त्याचा अभिमान आहे. पण न्यायालयाने काय म्हटलं ते पुन्हा वाचा. १९६५ ची संमती ही लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेतून आलेली नव्हती, म्हणून बेटं तोडणं बेकायदा होतं. याच पायावर मॉरिशस जिंकलं. मग तीच कसोटी बेटवासीयांना का लावायची नाही? दोन वर्षांच्या बोलण्यांत त्यांना टेबलाशी जागा नव्हती. सह्यांच्या दिवशी पहाटे चागोसच्या दोन स्त्रियांना लंडनच्या न्यायालयाचं दार ठोठावावं लागलं आणि दुपारी ते बंद झालं. मॉरिशसची इच्छा लंडनने गृहीत धरली हा १९६५ चा गुन्हा असेल, तर चागोसची इच्छा लंडन आणि पोर्ट लुई यांनी मिळून गृहीत धरणं याला काय म्हणायचं?

भीती कशाची आहे, ते मला कळतं. विचारलं तर काहीजण म्हणतील, आम्हाला मॉरिशस नको. इंग्लंडमधल्या क्रॉलीत राहणारे बेटवासी तर उघड म्हणतात. पोर्ट लुईच्या झोपड्यांत ज्यांनी हेटाळणी सोसली, त्यांचा राग मी स्वतः ऐकला आहे. या बाबतीत मला आमचीच गोष्ट सांगू द्या. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, यावर. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना खात्री होती की गोवा आपला आहे. भाषा, देव, नाती, सगळं आपलं. सुमारे ३४ हजार मतांनी कौल विरुद्ध गेला. माझे वडील किती तरी दिवस त्यावर बोलत नसत. पण कौल मान्य झाला, आणि त्यानंतर मराठी माणूस गोव्यात पाहुणा म्हणून मानाने जातो, सासुरवाडीला जातो, कोणी त्याला बळकावायला आलेला समजत नाही. विचारलं नसतं तर ते भांडण आजही चालू असतं. आणि माझी मुंबई तर १६६१ मध्ये एका राजकन्येबरोबर आंदण म्हणून दिली होती. कोळीवाड्यात कोणी येऊन विचारलं नव्हतं. त्या काळी तशी रीतच नव्हती, हे सांगता तरी येतं. आज ते सांगता येत नाही.

तुमच्या एका कायद्याबद्दलही बोलायला हवं, रामगुलामसाहेब. मॉरिशसच्या भूमीवरचं सार्वभौमत्व चुकीचं दाखवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०२१ साली दंडसंहितेत आली. ती तुमच्या सरकारने केलेली नाही. पण ती आहे तोवर चागोसच्या माणसाने मोकळं मत कसं द्यायचं? ज्या प्रश्नाचं एक उत्तर गुन्हा आहे, तो प्रश्न विचारलाच गेला नाही असं धरावं लागेल. ती तरतूद आधी रद्द करा.

कौल घेणं अवघडही नाही. सगळे मिळून सुमारे दहा हजार माणसं आहेत, आमच्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी. क्रॉली, पोर्ट लुई आणि सेशेल्समधलं व्हिक्टोरिया, तीन ठिकाणी पेट्या ठेवाव्या लागतील. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक एका आठवड्यात काम उरकतील. यादी कुठून आणायची, असा प्रश्न कोणी काढेल, म्हणून तेही लिहून ठेवतो. १९८२ च्या भरपाईच्या वेळी तेराशेहून अधिक बेटवासीयांची नावं नोंदवली गेली, आणि पैसे देताना इंग्रजी कागदांवर त्यांचे अंगठे घेतले गेले. त्या कागदात परत जाण्याचा हक्क सोडल्याचं लिहिलं होतं, हे पुष्कळांना वर्षांनंतर कळलं. ते कागद तुमच्या दप्तरात आहेत. मतदारयादीची सुरुवात त्या अंगठ्यांपासून करा.

आपला,
इंदापूर तालुक्यातला एक धरणग्रस्त, निवृत्त शिक्षक